परदेशात राफ्टिंगसाठी नदी कशी निवडावी

पावसाळा ओसरला की वर्षातून एकदा तरी मी महेश्वरच्या सहस्रधारेला जातो. इंदूरहून पहाटे निघाले की नाश्त्याच्या वेळेपर्यंत तिथे पोहोचता येते. महेश्वरच्या घाटांवर संथ दिसणारी नर्मदा थोडे खाली गेल्यावर काळ्या खडकांवरून फुटते आणि तिच्या इतक्या धारा होतात की त्या मोजण्याच्या फंदात कोणी पडत नाही. २०२३ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात भरलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील कनू स्लालमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यातून वळणे घेत नाव हाकण्याच्या, शर्यती महेश्वरलाच झाल्या होत्या. काठावर बसून पाण्याकडे पाहताना मला तिथे जे कळले, ते पुढे प्रत्येक परक्या नदीवर उपयोगी पडले. दोन खडकांमधून पाणी काचेसारखे गुळगुळीत होऊन खालच्या अंगाला निमुळते होत गेले, तर तिथे वाट असते; टोक वरच्या अंगाला असेल आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख फुटत असतील, तर तिथे पृष्ठभागाखाली खडक असतो; आणि मोठ्या खडकाच्या आडोशाला, जिथे पाणी उलटे फिरते, तिथे नाव थांबवता येते.

इंदुरातील ओळखीच्या मराठी घरांतून आता नेपाळ, बाली, स्वित्झर्लंड, न्यूझीलंड अशा सहली नेहमी निघतात आणि माझा नद्यांचा नाद ठाऊक असल्यामुळे निघण्याआधी मला फोन येतो. प्रश्न बहुधा एकच असतो: तिथे चांगली राफ्टिंग कंपनी कोणती? माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आपण जाणार त्या आठवड्यात त्या नदीत किती पाणी असेल, हा पहिला प्रश्न, आणि तेवढे पाणी आपल्या कुवतीचे आहे का, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे हाती आली की कंपन्यांची निवड पुष्कळ सोपी होते, कारण पाण्याविषयी नीट बोलणारी कंपनी कोणती हे तोपर्यंत आपल्याला ओळखता येऊ लागलेले असते.

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व माझ्या भाच्याच्या उदाहरणावरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, "मामा, एप्रिलमध्ये सुट्टी मिळते आहे, झांबेझी करून येतो." झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर व्हिक्टोरिया धबधब्याच्या खाली बटोका नावाची खोल घळ आहे, आणि तिथले राफ्टिंग जगातील सर्वांत जोरकस राफ्टिंगमध्ये गणले जाते. मात्र त्या नदीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस पडतो तो साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, आणि ते पाणी वाटेतल्या विस्तीर्ण पूरमैदानांवर पसरून सावकाश पुढे सरकत असल्यामुळे धबधब्यापाशी पूर पोहोचतो तो पाऊस थांबल्यानंतर, एप्रिलच्या सुमारास. अशा वेळी राफ्टिंग बंद ठेवावे लागते किंवा घळीच्या खालच्या भागापुरतेच ठेवावे लागते. तिथला खरा हंगाम पाणी उतरल्यावरचा, म्हणजे साधारण ऑगस्ट ते डिसेंबर असा असतो. पाणी जितके जास्त तितका खेळ चांगला, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागते. बटोकात पाणी वाढले की पुष्कळसे खळाळ लाटांखाली बुडून सपाट होतात, आणि पाणी कमी झाले की खडक उघडे पडून प्रत्येक उतार तीव्र होतो. उलट उथळ नद्यांत पाणी कमी झाले की राफ्ट दगडांवरून ढकलत न्यावी लागते. प्रत्येक नदीचा स्वभाव असा वेगळा असतो, आणि तो समजून न घेता तारीख ठरवणे म्हणजे आंब्यासाठी दिवाळीत कोकणात जाण्यासारखे आहे.

नदीचे पाणी कुठून येते, हे एकदा समजले की हंगाम पाठ करावा लागत नाही. पावसावर चालणाऱ्या नद्या आपल्याला ओळखीच्या आहेत. बर्फावर चालणाऱ्या नद्या वसंतात जाग्या होतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरतात. जपानमधील मिनाकामीजवळच्या तोने नदीचे मोठे पाणी एप्रिल ते जून असते ते याच कारणाने. हिमनद्यांतून येणारे प्रवाह दिवसाच्या दिवसात बदलतात. दुपारच्या उन्हात बर्फ वितळते, ते पाणी काही तासांनी खाली पोहोचते, आणि सकाळी सौम्य वाटलेली नदी संध्याकाळी वेगळीच असते. चौथा प्रकार धरणांखालच्या नद्यांचा. महाराष्ट्रात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना याची कल्पना असेल. तिथे वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर सकाळी राफ्टिंग चालते आणि पाणी सुटले नाही तर राफ्ट काठावरच राहते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात गॉली नदीचेही असेच आहे. समर्सव्हिल धरणातून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ठरावीक दिवशी पाणी सोडतात, आणि जगभरचे लोक त्या दिवसांच्या हिशेबाने तिकिटे काढतात. अशा नद्यांचे वेळापत्रक आधी जाहीर होते. ते पाहिल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

धरणांची दुसरी बाजूही आहे आणि ती मनाला लागते. युगांडात जिंजापाशी व्हिक्टोरिया सरोवरातून निघणारी श्वेत नाईल एके काळी राफ्टिंगवाल्यांची पंढरी होती. तिथे २०१२ मध्ये बुजागाली धरण पूर्ण झाले आणि त्यावरचे खळाळ पाण्याखाली गेले, मग २०१९ मध्ये आणखी खाली इसिंबा धरण झाले आणि उरलेल्यांपैकीही बरेच गेले. आजही तिथे राफ्टिंग होते, पण जुन्या प्रवासवर्णनात वाचलेली नदी आता त्या ठिकाणी नाही. म्हणून कोणतेही वर्णन वाचताना ते कोणत्या वर्षीचे आहे ते आधी पाहावे.

पाण्याचे प्रमाण विचारताना एक सोय ध्यानात ठेवावी. आपली वर्तमानपत्रे पावसाळ्यात धरणांचा विसर्ग क्युसेकमध्ये देतात, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट. युरोपात आणि न्यूझीलंडमध्ये तोच आकडा घनमीटरमध्ये देतात, आणि एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. तिथल्या फलकावर ६० लिहिलेले असेल तर ते आपल्या हिशेबाने २१०० क्युसेकच्या थोडे वर झाले. आकडा स्वतः फारसे सांगत नाही, कारण अरुंद घळीत ६० पुष्कळ असते आणि रुंद पात्रात काहीच नसते. पण नेहमी किती असते, आज किती आहे आणि किती झाल्यावर तुम्ही सहल रद्द करता, हे तीन आकडे विचारले की चित्र स्पष्ट होते.

आता कुवतीचा प्रश्न. जगभर खळाळांना १ ते ६ अशी श्रेणी देतात. १ म्हणजे वाहते पाणी आणि लहान लाटा. २ मध्ये वाट रुंद आणि सरळ दिसते. ३ मध्ये लाटा अनियमित होतात आणि राफ्ट वळवावी लागते. ४ मध्ये पाणी जोरकस असते आणि वल्हवणाऱ्यांनी गाइडच्या हुकमाबरोबर हालावे लागते. ५ म्हणजे लांबलचक, खडकाळ, जिथे पाण्यात पडलेल्या माणसाला वाचवणे अवघड असते. आणि ६ हा बहुधा न उतरण्यासाठीच असतो. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवर मात्र १ ते १० अशी स्वतंत्र मोजणी चालते, त्यामुळे तिथला ६ ऐकून घाबरण्याचे कारण नाही. श्रेणी ही पाण्याच्या एका ठरावीक पातळीची असते आणि पातळी बदलली की तीही बदलते. पाणी बर्फगार असेल किंवा घळ रस्त्यापासून दूर असेल, तर आपल्या मनाने एक श्रेणी वाढवून धरावी. पूर्वी कधीच राफ्टिंग न केलेल्याने २ किंवा सौम्य ३ पासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ऋषिकेशला एकदा जाऊन आलो म्हणजे ५ ला तयार झालो, असे समजणाऱ्यांना मी आग्रहाने थांबवतो.

इंदूरहून निघणाऱ्या कुटुंबाला पहिली परदेशी नदी म्हणून मी नेपाळच सुचवतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पारपत्र किंवा मतदार ओळखपत्रावर काम होते, आणि एका लहान देशात सर्व प्रकारच्या नद्या आहेत. काठमांडूहून पोखरा किंवा चितवनकडे जाणाऱ्या महामार्गालगतची त्रिशूली एका दिवसासाठी उत्तम आहे. सेती कोमट आणि सौम्य असल्यामुळे तिथे कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी नाव, शिकवण्याचे वर्ग चालतात. काली गंडकी तीन दिवसांची. आपल्या देवघरातील शाळिग्राम ज्या नदीतून येतात तिच्याच वाळूवर मुक्काम करायचा, ही कल्पना माझ्या आईला इतकी भावली की तिने राफ्टिंगला असलेला विरोधच सोडून दिला. अनुभव जमा झाल्यावर सुनकोशी आहे, सुमारे २७० किलोमीटरचा आणि आठ-दहा दिवसांचा प्रवास, ज्यात डोंगरातून निघून तराईच्या सपाटीला लागेपर्यंत नदीच आपले घर होते. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत नेपाळी नद्यांत उतरण्याचा मोह टाळावा.

बालीत उबुदजवळची आयुंग नदी २ ते ३ श्रेणीची आहे. तिथे नदीपेक्षा काठ दमवतो, कारण शेकडो पायऱ्या उतरून जावे लागते आणि शेवटी तितक्याच चढून यावे लागते, म्हणून गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे. स्लोव्हेनियात बोवेत्स गावाजवळची सोचा नदी पाचूच्या रंगाची आहे आणि एप्रिल ते ऑक्टोबर चालते. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळच्या काइतुना नदीवर तुतेआ नावाचा ७ मीटरचा धबधबा राफ्टसकट उतरतात; सगळा प्रवास तासाभराच्या आत संपतो, पण श्रेणी ५ आहे. चिलीतील फुतालेउफू ही तर वेगळ्या सहलीचाच विषय आहे.

नदीची भीती वाटणाऱ्यांसाठी कृत्रिम खळाळ हा चांगला पर्याय आहे. लंडनच्या उत्तरेला ली व्हॅलीत २०१२ च्या ऑलिंपिकसाठी, सिडनीजवळ पेनरिथला २००० च्या ऑलिंपिकसाठी असे कालवे बांधले आणि नंतर ते सर्वांसाठी खुले झाले. दुबईला जाणाऱ्यांना अल ऐन शहराजवळ, जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी असाच पंपांवर चालणारा कालवा बांधलेला आढळेल. अशा जागी पाणी ठरलेले असते, तळ माहीत असतो आणि चुकल्यास तोच उतार पुन्हा करता येतो. खऱ्या नदीचा आनंद तिथे नाही, पण पाण्यात पडून पुन्हा राफ्टमध्ये कसे चढायचे, हे शिकण्याची त्याहून बरी जागा मला माहीत नाही.

कंपनी निवडताना संकेतस्थळावरील छायाचित्रे बाजूला ठेवून पत्र लिहावे आणि उत्तर कसे येते ते पाहावे. गाइडकडे आंतरराष्ट्रीय राफ्टिंग महासंघाचे किंवा त्या देशाचे प्रमाणपत्र आहे का, वाहत्या पाण्यातील बचावाचे प्रशिक्षण त्याने घेतले आहे का, सहलीत किमान दोन राफ्ट असतील का, पडलेल्यांना उचलण्यासाठी सोबत कयाकवाला असेल का, आणि अपघात झाल्यास जवळचे रुग्णालय किती तासांवर आहे, हे विचारावे. एकट्या राफ्टला उलटल्यावर मदत करणारे कोणी नसते, म्हणून दुसऱ्या राफ्टचा मुद्दा सोडू नये. चांगली कंपनी आपल्यालाही उलट प्रश्न विचारते: पोहता येते का, खांदा कधी निखळला होता का, दमा किंवा हृदयविकार आहे का, मुलांचे वय आणि वजन किती. ज्या कंपनीला यातले काहीच जाणून घ्यायचे नसते, तिला केवळ पैसे मोजायचे असतात.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका परदेशी बेटावर आम्ही हॉटेलच्या काउंटरवरूनच राफ्टिंग ठरवले. तिथून एका दलालाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे असे करत आम्ही नदीवर पोहोचलो, तेव्हा आमची जबाबदारी नक्की कोणाची हेच कळेना. पत्नीला दिलेल्या लाइफ जॅकेटचे मधले बकल तुटलेले होते आणि तिथे नायलॉनची सुतळी बांधली होती. मी जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढले तर ते थेट तिच्या कानांपर्यंत आले. पाण्यात पडल्यावर नेमके हेच झाले असते, आणि जॅकेट वर सरकून माणूस खाली राहिला असता. दुसरे जॅकेट मागितले तर पाणी उथळ असल्याचे उत्तर मिळाले. आम्ही पैसे सोडले आणि पायऱ्या चढून परत आलो. तेव्हापासून हीच कसोटी मी प्रत्येक वेळी, प्रत्येकाच्या जॅकेटवर स्वतः करतो: सर्व पट्टे आवळायचे, खांद्याला धरून वर ओढायचे, आणि हनुवटीच्या वर आले तर बदलून मागायचे. हेल्मेट डोके हलवल्यावर हलता कामा नये. चष्मा असेल तर मागून दोरी बांधावी. पाणी थंड असेल तर वेटसूट देणार का हे आधी विचारावे, कारण सुती कपडे भिजल्यावर अंगातली ऊब काढून घेतात.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. भारतात घेतलेल्या बहुतेक प्रवासविम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात किंवा वेगळा हप्ता भरून जोडावे लागतात, म्हणून राफ्टिंग आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. युगांडाला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावर निदान १० दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. आफ्रिकेतील गोड्या पाण्यात बिल्हार्झिया नावाच्या परजीवीजन्य आजाराचा धोका असतो, त्याविषयी निघण्यापूर्वी आणि आल्यावर डॉक्टरांशी बोलावे.

तयारी घरीच सुरू करता येते. निघण्याच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीन दिवस पोहण्याच्या तलावावर जावे, आणि नुसते लांबी मोजत पोहण्याऐवजी उताणे तरंगून पाय पुढे ठेवण्याचा सराव करावा. नदीत पडल्यावर हीच मुद्रा घ्यायची असते: पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने, पंजे पाण्याच्या वर, म्हणजे खडक आला तर तो पायांना लागतो. पाणी कमरेएवढेच असले तरी वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दोन दगडांत अडकला तर प्रवाह माणसाला पुढे वाकवून बुडवतो. बचावाची दोरी फेकली गेली तर दोरी धरावी, ती ज्यात भरलेली असते ती पिशवी धरू नये, आणि दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. ती छातीशी धरून खांद्यावरून घ्यावी व तोंड आकाशाकडे ठेवावे. आडवे पडलेले झाड दिसले तर मात्र पाठीवर, पाय पुढे ठेवण्याचा नियम उलटतो. फांद्यांमधून पाणी जाते, माणूस जात नाही, म्हणून तिथे पालथे होऊन जोराने बाजूला पोहावे, आणि बाजूला जाता आलेच नाही तर झाडावर चढावे. हे सर्व गाइड काठावर सांगतो. ते सांगणे पाच मिनिटांत उरकले जात असेल किंवा भाषा समजत नसेल, तर पुन्हा सांगायला लावण्यात संकोच करू नये.

सहल रद्द झाली तर कंपनीवर रागावू नये, हे मला मनापासून सांगावेसे वाटते. इंदूरकरांना पाताळपाणी ठाऊक आहे. २०११ च्या जुलैमध्ये तिथे धबधब्याच्या तोंडाशी उभे असलेले एक कुटुंब वरून अचानक आलेल्या लोंढ्यात सापडले होते. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख घळीत १९९९ च्या जुलैमध्ये असाच वरच्या वादळाचा लोंढा आला आणि २१ माणसे गेली. ती मंडळी राफ्टिंग करत नव्हती, घळीतून उतरत होती, पण कारण तेच: पाऊस एका जागी, पाणी दुसऱ्या जागी. २०१४ पासून त्या देशात असे धोक्याचे खेळ व्यवसाय म्हणून चालवायला परवाना लागतो. मी इंटरलाकेनला गेलो तेव्हा आमची सकाळची सहल गाइडने रद्द केली. आमच्या डोक्यावर ऊन होते. वरच्या दऱ्यांत रात्री पाऊस झाला होता आणि नदीचा रंग राखाडीवरून तपकिरी झाला होता. त्याने तो रंग मला बोटाने दाखवला आणि पैसे परत केले. प्रवासाच्या आखणीत म्हणूनच नदीसाठी एक दिवस मोकळा ठेवावा, आणि राफ्टिंग शेवटच्या दिवशी कधीही ठेवू नये.

माझ्याकडे एक वही आहे. नदीचे नाव, तारीख, त्या दिवशीचा विसर्ग, पाण्याचा रंग, गाइडने सांगितलेली श्रेणी आणि मला वाटलेली श्रेणी एवढेच मी त्यात लिहितो. पुढची नदी निवडताना इतर कोणत्याही माहितीपेक्षा ही वही मला जास्त उपयोगी पडते. भाच्याने झांबेझी त्या एप्रिलमध्ये सोडली, पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्रिशूली केली, आणि परतल्यावर इंदूरच्या सराफा बाजारात भेटून खिशातून एक छोटी वही काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर विसर्गाचा रकाना रिकामा होता. "गाइडला विचारलं होतं, मामा, पण त्याच्याकडे आकडा नव्हता," तो म्हणाला, "म्हणून पाणी पुलाच्या खांबावर कुठवर होतं ते मोजून लिहिलंय."